बाई, ती कौलं आता उभी केलीत

बाई, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेले की तुम्ही लगेच "नवीन काय लिहिलंस" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहिते.

दोन वर्षांपूर्वी खानापूरहून पहिल्यांदा तुमच्या रविवारच्या कार्यशाळेला बेळगावला आले तेव्हा पिशवीत कथांची वही होती आणि ती बाहेर काढायचीच नाही असं बसमध्येच ठरवलेलं. त्याआधी एका प्रकाशकाला कथा पाठवल्या होत्या, त्यांनी पॅकेज सांगितलं, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-नंबराचे, वेगळे पैसे, आणि वर भाषा जरा शुद्ध करून पाठवा म्हणाले. मी केली पण. आमचे अण्णा कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होते, त्यांच्या तोंडची वाक्यं मी पुस्तकातल्यासारखी करून टाकली.

तुम्ही वही मागून घेतलीत, एक पान मोठ्यानं वाचलंत आणि विचारलंत, "अण्णा घरात असंच बोलायचे काय गं?" मी म्हटलं नाही, ते "काय करालीस गं" म्हणायचे. "मग तेच लिही की."

सगळी वही परत लिहायला चार महिने गेले बाई. अण्णा जाऊन तीन वर्षं झालेली आणि त्या चार महिन्यांत मला त्यांचा आवाज रोज ऐकू यायचा, ह्याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

वर्गात कोणीतरी म्हणालं होतं, सीमाभागातलं मराठी कोण वाचणार. तुम्ही शांतपणे सांगितलंत की ह्याच गावात १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं, २००० साली परत भरलं, आणि आजही आपल्या खेड्यापाड्यांत दरवर्षी ग्रंथदिंडी निघते, ती कोणासाठी निघते? मला ते अजून जसंच्या तसं आठवतं.

आणि पुस्तक स्वतः काढायचं ठरल्यावर तुम्ही जे शिकवलंत ते तर कोणीच सांगत नाही. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायचा पानांचा गठ्ठा, सोळा पानांचा असतो हे मला कुठं माहीत होतं, माझी पानं झाली ११७, म्हणजे सात फर्मे होऊन वर पाच पानं, अर्धा फर्मा घेतला तरी खर्च वाढणार आणि तीन पानं कोरी जाणार. तुम्ही म्हणालात पाच पानं काढ. मी दोन दिवस रडले आणि एका कथेतनं ती काढली, आणि त्या कथेचा शेवट आता खरंच चांगला झालाय. आयएसबीएन तर सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो, ते १३ आकडे आले त्या दिवशी मी तुम्हाला तीनदा फोन केला होता. मग ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची हेही तुम्हीच सांगितलंत. पोस्टात पत्ता लिहिताना हात थरथरत होता, अण्णांची भट्टी कोलकात्याला निघालेली.

३०० कॉप्या काढल्या. बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनात तुमच्या शेजारी टेबल लावून बसले होते, दुपारी एक आजोबा नातीला घेऊन आले. नातीनं आधीच पुस्तक वाचून दाखवलेलं. माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तू आमच्या भट्टीवरच्या गड्याची पोर काय गं? बोलणं त्याचंच हाय." तुम्ही तिथं होता, तुम्ही बघितलंय माझी काय अवस्था झाली ती. मग ते म्हणाले, "पण पोरी, भट्टीत कौलं आडवी रचत न्हाईत, उभी रचत्यात, आग मधनं फिराय पायजे." मी ओशाळले, तर तुम्ही माझ्या हातात पेन दिलंत आणि पान नंबर लिहून घे म्हणालात. बक्षीस मिळालं असतं तरी मला एवढं वाटलं नसतं, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनीच ओळखलं आणि चूकही काढली.

आता दुसरी आवृत्ती आली आहे. पान ४१ वर कौलं उभी केलीत. पहिली कॉपी आजोबांना देऊन आले, दुसरी तुमची. येत्या रविवारी घेऊन येते, खुर्च्या लावायला जरा लवकरच येते.

तुमची,
खानापूरची विद्यार्थिनी