शाळेच्या ऑफिसातल्या ताईंना

ताई,

परवा फोनवर आभार मानायला गेले आणि गळाच दाटून आला. म्हणून लिहितेय.

आमचा पोरगा आता चौथीत आहे. पहिली तीन वर्षं शाळेची एकही सूचना मला माझी मला वाचता आली नाही. छापलेल्या कागदाचे फोटो यायचे. मला दिसत नाही, फोनवरचं सगळं टॉकबॅक हे ॲप बोलून दाखवतं; ते नुसतं 'फोटो' म्हणून गप्प. तक्रार केली तेव्हा फाइल आली, तीही जुन्या फॉन्टमधली, म्हणजे दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं. 'सांगली'वर थांबून एकेक अक्षर ऐकलं, तर जी, एम, जे, बी, आर! पुन्हा गेले तर म्हणाले, "घरात कुणी वाचून दाखवत नाही का?" दाखवायचा ना, माझा मुलगाच. स्वतःच्या खोड्यांबद्दल आलेली चिठ्ठीसुद्धा ते लेकरू अडखळत मला वाचून दाखवायचं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावी असं सांगणारं कलम ४२ आहे, हेही सांगून पाहिलं. मान हलवली असेल, मला काय दिसणार?

मग जूनमध्ये तुम्ही आलात. सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे टॉकबॅकला मराठी म्हणूनच वाचता येईल अशा अक्षरांत यायला लागल्या. परीक्षेच्या वेळापत्रकातले एकमेकांत जोडलेले रकाने तुम्ही सुटे केलेत आणि संध्याकाळी फोन केलात, "मी टॉकबॅक लावून डोळे मिटून ऐकलं हो, पण तारखेपुढे बरोबर विषय येतोय ना, तुम्ही एकदा बघा." इतक्या वर्षांत मला असं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

पण खरं सांगायचंय ते गॅदरिंगच्या अहवालाबद्दल. त्यातल्या प्रत्येक फोटोमागे तुम्ही वर्णन लिहिलंत. डोळस माणसाला ती ओळ दिसतसुद्धा नाही, आमच्यासारख्यांना ती फक्त ऐकू येते. मुख्याध्यापकांना दिसली नसणार, इतर पालकांनाही नाही. कुणी शाबासकी देणार नाही अशा जागी तुम्ही एवढं मन लावून लिहिलंत. अशी माणसं अजून आहेत, या विचारानं त्या रात्री मला फार बरं वाटलं.

पोवाड्याच्या फोटोवर आले. कम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए आपल्या नेहमीच्या सपाट आवाजात वाचत गेलं, "दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या मुलाचा भगवा फेटा कानावर घसरलाय. तो एका हातानं सावरतोय आणि खूप हसतोय."

तो माझा. गणपती पेठेत दुकानदाराला रंग विचारून, कापड चाचपून मीच आणला होता तो फेटा. ती ओळ मी किती वेळा ऐकली, मोजलं नाही.

तुमची,
चौथीतल्या एका मुलाची आई, विश्रामबाग, सांगली