पाठीतल्या पाण्याची दुसरी कुपी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला ताप, डोकेदुखी आणि पाठोपाठ झटके सुरू झाले म्हणून आम्ही त्याला तासगावहून मिरजेला हलवले. पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढले, त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. परंतु क्षय, हर्पिस, जपानी मेंदूज्वर या सगळ्यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. नवव्या दिवशी डॉक्टरांनी जनुकीय क्रमवाचनाचा विषय काढला, तेव्हा पहिल्या दिवशीचे पाणी शिल्लक नव्हते, आणि आठवडाभर प्रतिजैविके दिल्यावर नव्या पाण्यात काही सापडेल याची हमी कोणी देईना. मुलगा सुदैवाने बरा झाला. फाइलमध्ये कारणाची जागा मात्र कोरी आहे.

नेहमीच्या तपासणीत आधी एखाद्या जंतूचा संशय यावा लागतो. क्रमवाचनात पाण्यातला सगळा डीएनए आणि आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, वाचतात, त्यातला माणसाचा भाग वगळतात आणि उरलेला जंतूंच्या नोंदींशी ताडून पाहतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका उदाहरणात 14 वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा तुकडा तपासूनही निदान झाले नव्हते. या पद्धतीने 48 तासांत लेप्टोस्पायराचा माग लागला आणि मुलगा पेनिसिलिनने बरा झाला. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा हा जंतू. आमच्याकडे उसात अनवाणी दारे धरणाऱ्यांना तो परका नाही.

ही तपासणी रामबाण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 7 वर्षांतील 4,828 नमुन्यांचा हिशेब मांडला, त्यात 14.4 टक्के नमुन्यांतच जंतू सापडले. मात्र निदान झालेल्या संसर्गांपैकी 21.8 टक्के केवळ याच तपासणीने उघड झाले. त्यामुळे तालुक्या-तालुक्याला असे यंत्र हवे, अशी माझी मागणी नाही.

मागणी एका कुपीची आहे. पहिल्यांदा पाणी काढताना, औषध न थांबवता, एक-दोन मिलिलिटर निर्जंतुक कुपीत वेगळे घेऊन त्यावर नाव, तारीख, वेळ लिहून ते उणे 80 अंशांवर ठेवावे, कारण विषाणूंचा आरएनए लवकर नष्ट होतो. कोरोनाच्या काळात मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभी राहिली आणि विषाणूंचे क्रमवाचन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात आहे. खासगी रुग्णालयातली अशी कुपी या दोन ठिकाणी कोणी, कोणत्या अर्जावर आणि कोणाच्या खर्चाने पोहोचवायची, एवढे जिल्हा आरोग्य विभागाने लेखी जाहीर करावे.

आपला,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)