गाडी चार्जिंगचा पॉइंट घेण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या आठवड्यात बी विंगच्या पार्किंगमध्ये एक एक्स्टेंशन बोर्ड वितळला. पिन सॉकेटलाच चिकटली होती, पक्कडीने ओढून काढावी लागली. वॉचमनला वास आला म्हणून निभावलं. त्यामुळे एक्स्टेंशनवर किंवा जिन्यातल्या कॉमन पॉइंटवर इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावणं आजपासून बंद.

चार्जर निवडताना आधी रोजचं धावणं बघा. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर साधारण ३ किलोवॅट मिळतात. रात्री ८ तास लावली तर शंभरेक किलोमीटरची सोय सहज होते. ऑफिसला जाऊन-येऊन ४० किलोमीटर होत असतील तर ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) कशाला? (शोरूमवाला गळ्यात मारायला बघेलच म्हणा.) त्याला ३२ अँपिअर लागतात; म्हणजे जाड केबल आणि बहुतेकांना वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणं आलं.

पॉइंट कोणताही असो, मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतःची एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), शिवाय तपासून घेतलेलं अर्थिंग हवंच. महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळं मीटरही मिळतं. अर्ज करण्याआधी केबल कुठून नेणार ते आपल्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. तो रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये असेल.

– सचिव