ब्लॅक सॅबथची ओळख वटवाघळापासून नको

संपादक महोदय,

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचे मूळ गायक ऑझी ऑस्बोर्न यांचे नाव निघाले की आधी वटवाघूळ निघते. वटवाघळाचे डोके चावल्याचा तो प्रसंग १९८२ चा, त्यांच्या स्वतंत्र कारकिर्दीतला. ब्लॅक सॅबथचा त्याच्याशी संबंध नाही. मुलांना हा बँड ऐकवायचा असेल तर बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या बोटांपासून सुरुवात करावी.

बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, सतराव्या वर्षी आयोमींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी झाला. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांना टोप्या केल्या, वर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तर काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सैल तार बोटाला हलकी आणि आवाजाला जड. हे दहा वर्षांच्या मुलालाही लगेच समजते.

पहिला अल्बम (फेब्रुवारी १९७०) मात्र लहानांना आधी लावू नये, रात्री तर नकोच. सुरुवातीलाच पाऊस, गडगडाट, घंटा आणि मग तीनच स्वर: षड्ज, तार षड्ज, तीव्र मध्यम. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम पंचमावर जाऊन विसावतो. इथे तो पंचमाला निसटता स्पर्श करून अधांतरी राहतो. भीती वाटते ती त्यामुळे.

आधी 'आयर्न मॅन' लावावे. (चित्रपटातल्या नायकाची ही गोष्ट नव्हे, हे मुलांना आधीच सांगून टाकावे.) घरात पेटी असेल तर पांढरी सातला 'सा' धरून मुख्य सुरावट वाजवता येते: सा ग॒ ग॒ म म, ध॒प ध॒प ध॒प, ग॒ ग॒ म म. गंधार आणि धैवत कोमल. मधले 'ध॒प' दुप्पट वेगात घ्यायचे. मुले तिथेच लय सोडतात, म्हणून आधी टाळ्यांवर म्हणून घ्यावे. गिटारवर सगळ्यात जाड तारेवर पडदे असे: ७, १०, १०, १२, १२. मग १५-१४ तीनदा. पुन्हा १०, १०, १२, १२. लहान हाताला एकच तार पुरे. आयोमींसारखी तार उतरवायचा हट्ट मुले हमखास करतात, पण साध्या अकुस्टिक गिटारवर ती पडद्यांवर आपटून खरखरते.

त्यानंतर शांत 'प्लॅनेट कॅरॅव्हान'. युद्धखोरांवरचे 'वॉर पिग्ज' बारा-तेराव्या वर्षी, अर्थ सांगून. 'स्वीट लीफ' गांजावर आणि 'स्नोब्लाइंड' कोकेनवर आहे, हे पालकांना ठाऊक असावे.

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकवू नये. गीझर बटलर यांच्या बास गिटारचा खर्ज त्यातून जवळजवळ येतच नाही, उरतो तो कर्कश भाग; मग आवाज वाढवला जातो आणि मूल कान झाकते. मोठा स्पीकर, मध्यम आवाज पुरे. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांची मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी सांगितली आहे. दर तीन डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. मैफलीला न्यायचे असेल तर लहान मुलांना कानात बोळे (इअरप्लग) न घालता कान पूर्ण झाकणारे इअरमफ द्यावेत, कारण बोळे सैल बसतात आणि गाणे रंगेपर्यंत निघून पडतात.

– गिटार व हार्मोनियम शिक्षक, पुणे