अपडेटचाही मेगाब्लॉक जाहीर करा

संपादक महोदय,

रविवारी मेगाब्लॉक असला की शनिवारीच आपल्या पेपरात येतं, माटुंगा ते मुलुंड, धिम्या की जलद, किती ते किती. शिव्या घालतो आपण, पण निदान घरातून निघायचं की नाही ते ठरवता येतं. कॉम्प्युटरच्या अपडेटला मात्र असली काही रीतच नाही.

मी लालबागला एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात कामाला आहे, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एवढाच संसार. मध्यंतरी ११ तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायच्या शेवटच्या दिवशी, पावणेअकराला मशीन लावलं तर 'अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका' आणि ३० टक्क्यांवर जे अडकलं ते अडकलंच. समोर साकीनाक्याची पार्टी डीएससीचं टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह) मुठीत धरून बसलेली, दोन कटिंग झाले, तिसरा नको म्हणाले. साडेबाराला एकदाचं सुरू झालं तर टोकनच दिसेना, त्याचं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) परत टाकायचं म्हणून कॉम्प्युटरवाला पोरगा कळव्याहून येईपर्यंत तीन वाजले, रिटर्न गेलं संध्याकाळी सातला, त्या दिवशी पोर्टल कसं रांगतं ते आमच्या लाइनमधल्यांना सांगायला नको. ११ चुकली की नुसती लेट फी नाही हो, पार्टीच्या गिऱ्हाइकाला त्या महिन्याच्या २बी मध्ये (टॅक्स क्रेडिटसाठी बघायची खरेदीची यादी) बिल दिसत नाही, मग त्याचे फोन आम्हालाच.

नंतर त्या पोराने सांगितलं की हे विंडोजचे सिक्युरिटी अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, तिकडे अमेरिकेत सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणजे आपल्याकडे उगवणार बुधवारी. दुसरा मंगळवार ८ ते १४ मध्येच पडतो, आणि १० ला आला की बरोबर ११ ला आमच्या डोक्यावर!

अपडेट नकोच असं मी म्हणत नाही. जून २०१७ मध्ये आपल्या जेएनपीटीचं एक टर्मिनल व्हायरसने बसवलं होतं, त्याने पसरायला वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारा अपडेट मार्चमध्येच येऊन पडला होता. पण गंमत बघा, तोच व्हायरस मुळात शिरला युक्रेनमधल्या टॅक्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या. आणि १९ जुलै २०२४ ला तर व्हायरसबियरस काही नाही, क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटने जगभरात ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले. मोठ्या कंपन्यांत आयटीवाले आधी दोन-चार मशीनवर टाकून बघतात म्हणे, आमच्याकडे बघणारा तो कळव्याचा पोरगाच, तोही बोलावलं तर.

सेटिंगमध्ये कामाचे तास टाकायची, अपडेट काही दिवस थांबवायची सोय आहे, ती मला आत्ता कळली, आता मी शनिवारी साहेब जेवायला गेले की उरकून घेतो. पण माझ्यासारखे छोट्या ऑफिसवाले मुंबईत किती असतील, त्यांना कोण सांगणार. मेगाब्लॉकच्या चौकटीखाली महिन्यातून एकदा दोन ओळी छापल्यात तरी बास.

तोवर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर दुसऱ्या मंगळवारी पेन्सिलीने 'अ' लिहून ठेवलाय. साहेबांनी परवा विचारलं, अंगारकी आहे का रे?

– एक अकाउंट्सवाला, लालबाग