भाऊ, मुठी ढिल्या झाल्या

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

क्लच, गिअर, ब्रेक जमले की मोटरसायकल शिकवणाऱ्याचं काम संपतं, असाच सगळ्यांचा समज. वर्धा रोडवर जामठ्याच्या पुढे काटा साठच्या वर गेला आणि बाजूने वारा लागला, की काय करायचं ते कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, एक पैसा न घेता. त्याचे आभार मानायला हे पत्र. शिकवलेलं सगळं यात मुद्दाम उतरवून ठेवतोय, कारण आता पुढच्या पोरापोरींना ते आम्हाला सांगावं लागतं.

"काऊन एवढं आवळून रायला बे हँडल?" तुमचा पहिला धडा हाच. वारा आदळतो छातीवर आणि हेल्मेटवर. हात ताठ असले की तो धक्का खांद्यातून मनगटात आणि तिथून हँडलमध्ये उतरतो. गाडी डुलते आपल्या हातांनी, नाव वाऱ्याचं. म्हणून कोपर वाकलेले, मूठ ढिली, गुडघे टाकीला चिकटलेले, चवडे फूटरेस्टवर आणि कमरेतून जरासं पुढे. गाडी धरायची ती पायांनी.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हा हिशेबही तुमचाच. साठवरून पंच्याऐंशीवर गेलं की तो दुप्पट, पंचेचाळीसवरून नव्वदवर चौपट. सत्तरनंतर गाडी एकदम वेगळी वाटते ती यामुळे. नवीन माणूस मात्र गाडी बिघडली समजून गॅरेज गाठतो. समोरून वारा असताना १०० - १२५ सीसीची गाडी वरच्या गिअरमध्ये ओढत नसेल तर एक गिअर खाली घ्यायचा, मूठ पिळत बसायचं नाही.

बाजूच्या वाऱ्याचं तंत्र ऐकताना उलटं वाटतं. वारा डावीकडून आला की गाडी उजवीकडे सरकते. तेव्हा डावी मूठ हलकेच पुढे दाबायची. गाडी डावीकडे, म्हणजे वाऱ्याच्या अंगावर कलते आणि सरळ चालते. वारा थांबला की दाब लगेच सोडायचा. खरी चूक इथेच होते: वारा गेलेला असतो, हात दाबतच राहतो, आणि गाडी डाव्या कडेला जाते.

ट्रकला ओलांडताना हेच सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं. मागे हवा घुसळलेली असते. डावीकडून वारा असेल तर ट्रकच्या आडोशाला तो अचानक तुटतो आणि वाऱ्याकडे कललेली गाडी ट्रककडे ओढली जाते. ट्रकचं तोंड मागे पडलं की वारा पुन्हा थाडकन लागतो, आता दुभाजकाकडे ढकलणारा. म्हणून दीड मीटर तरी अंतर, आडोशात शिरताना दाब सोडायचा, बाहेर पडताना तयार राहायचं, आणि ट्रकच्या बाजूला रेंगाळायचं नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून येणारा ट्रक डावीकडे ढकलतो, तेव्हा डांबराच्या अगदी काठाने चालणारा थेट कच्च्यात उतरतो.

जागा ओळखायची सवयही तुमचीच देणगी. कन्हानचा पूल, उड्डाणपुलाचा चढ, झाडांची रांग संपते ते वळण: वारा दिसत नाही, पण तो कुठे लागेल ते आधी कळतं. सराव सकाळी सहाला, कारण ऊन तापलं की वरचा वेगवान वारा खाली मिसळतो. पन्नास, साठ, सत्तर असे टप्पे. एका वेगात खांदे सैल राहू लागले की मगच पुढचा, तोही फलकावरच्या मर्यादेत.

वाऱ्यावर खापर फोडण्याआधी गाडी तपासायची. गाडी मेन स्टँडवर, मागून दाबून पुढचं चाक अधांतरी. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, खालून धरून पुढे-मागे ओढला आणि खडखडला, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला. हँडल फिरवताना मधोमध अडकलं, तर कोनसेट खराब. मागचं चाक आडवं हलवून त्याची बेअरिंग आणि स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश तपासायचे. हवा टायर थंड असताना, मॅन्युअलमध्ये दिली असेल तेवढीच. हँडल थरथरायला लागलं तर मूठ आवळायची नाही, ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा.

उन्हाळ्यात अख्खं नागपूर दुपट्टा गुंडाळून फिरतं. त्याची टोकं जॅकेटच्या आत हवीत. फडफडणारं टोक मान ओढतं, आणि चेनमध्ये गेलं तर विषयच संपला.

विंडशील्डवरून मात्र आपलं भांडण चालूच आहे. छातीवरचा जोर ती कमी करते, मान्य. पण तिच्या काठावरून सुटलेली हवा हेल्मेटवर आपटत असेल तर डोकं थरथरतं. चालत्या गाडीवर जरा वाकून बघा. थरथर थांबली तर उंची चुकली आहे. तुमच्या गाडीची चुकलेली आहे, भाऊ.

मे महिन्यातल्या धुळीच्या वादळात थांबायचं, होर्डिंग आणि झाड सोडून. गाडी पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर, वारा उजवीकडून येईल अशी, म्हणजे ती स्टँडवरच रेलते. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तरी प्रत्येक बॅचला कोणीतरी विचारतंच. उत्तर तुमच्याच शब्दांत देतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सहाला आउटर रिंग रोडला या. तर्री-पोहे आमच्याकडून.

तुमचीच,
रविवारच्या बॅचची पोरं, नागपूर