व्हॅनच्या टपावरचं कॅरिअर

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या ओम्नी व्हॅनसाठी तयार कॅरिअर मिळालं नाही, म्हणून करून घेते आहे. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही तिकडे चिपळुणात दिसेल ते उचलून आणणार नाही.

नाना पेठेत दुकानंच्या दुकानं पाहिली. ओम्नी म्हटलं की ईकोचं काढून दाखवतात आणि "थोडं वाकवलं की बसतं ताई" म्हणतात. ईको १४७५ मिमी रुंद, आपली गाडी १४१०. वाकवून बसवलेल्या कॅरिअरचे पाय तिरके उभे राहतात, सगळा भार बोल्टांवर येतो आणि खड्ड्यांत ते सैल होत जातात. तसलं काही तुमच्या डोक्यावर नको. दुसरा प्रकार मिळतो तो टपावर आधीच रेल असलेल्या मोठ्या गाड्यांचा. आणि तिसरा, दाराच्या चौकटीत आकडा अडकवून आवळायचा. तो आपल्याला चालणारच नाही, कारण मागचं दार सरकतं. आकडा त्याच्या वाटेत येईल.

पण आपल्या गाडीकडे एक गोष्ट आहे जी आजच्या बहुतेक गाड्यांकडे नाही, ती म्हणजे टपाच्या दोन्ही कडांना असलेलं गटर. पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची जी पन्हळ असते ना, तीच. १९८४ मध्ये ही ओम्नी मारुती व्हॅन या नावाने आली तेव्हाची ही घडण, गाडी बंद होईपर्यंत राहिली. ॲम्बॅसिडरला होती, पद्मिनीला होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तोवर त्यांच्या टपावरच्या बॅगा आणि वळकट्या या गटरावरच तोललेल्या असायच्या. गटरात पाय टेकले की वजन टपाच्या मधल्या पातळ पत्र्यावर न येता कडेच्या खांबांवर उतरतं. जुन्या गाडीसाठी मला याहून भरवशाचं काही दिसत नाही. म्हणून इथल्या एका वेल्डिंगवाल्याकडून गटरावर बसणारं, चार पायांचं, नट-बोल्ट काढले की उतरवता येणारं कॅरिअर करून घ्यायचं ठरवलंय. टपाला भोकं पाडायची नाहीत. गाडीत कायमचा बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं, आणि २०२८ मध्ये नोंदणी पुन्हा नवी करायची आहेच. तेव्हा तपासणीला नेताना कॅरिअर घरीच ठेवता येईल.

आता मला मापं हवीत. आई, हे तू लिहून घे. डाव्या गटरापासून उजव्या गटरापर्यंतचं अंतर दोन ठिकाणी मोजायचं: एकदा पुढच्या दाराच्या वर, एकदा अगदी मागे. दोन्ही आकडे सारखे येतील असं धरून चालू नका, टप मागे-पुढे सारखा नसतो. तिसरं माप गटराच्या ओठाच्या उंचीचं. आणि दार उघडताना त्याची वरची कड गटराच्या किती जवळून जाते तेही पाहा, कारण कॅरिअरचा पाय गटराला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा खालचा भाग दाराला घासता कामा नये. टेप दोघांनी मिळून धरा. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव.

मोजताना गटराचा गंजही पाहून घ्या. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात गटराच्या सांध्यातला मसाला तडकला की पाणी आत मुरतं आणि पत्रा वरून चांगला दिसत असतानाच खालून पोखरतो. बोटाने दाबून पाहा. पापुद्रे निघाले तर आधी गॅरेजमध्ये घासून, रेड ऑक्साइड मारून, सांधा भरून, रंग लावून घ्यायचा आणि मगच कॅरिअर. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी घालणारच आहे, नाहीतर पहिल्या आवळण्यातच रंग खरवडेल.

बाबा, आता वजनाचं. तुम्ही फोनवर म्हणालात, मे महिन्यात वाडीवरून येताना पेट्या वर टाकू. पाच डझनांची पेटी, आंबा पाव किलोचा धरला तरी पंधरा किलो नुसतं फळ. लाकूड आणि पेंढा धरून सतरा-अठरा. तीन पेट्यांतच पन्नास किलोच्या वर जातं, आणि कॅरिअरचं स्वतःचं दहा-बारा किलो वेगळंच. टपाची मर्यादा सांगतात ती कॅरिअर धरून असते. मी आपल्यासाठी सगळं मिळून चाळीस किलो धरलंय. गाडीची पुस्तिका पुढच्या खणात आहे, त्यात याहून कमी आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. आपली व्हॅन १६४० मिमी उंच आणि रुंदीला त्याहून कमी. अशा गाडीवर डोक्याशी ओझं चढवलं की वळणावर ती कलंडल्यासारखी वाटते. कुंभार्ली घाटात भरल्या गाडीत तुम्हीच मला "दुसऱ्यात उतर, घाई करू नको" म्हणाला होतात, ते मी अजून पाळते.

शिवाय भर उन्हात ताडपत्रीखाली आंबा तापतो आणि आतून बिघडतो. मे महिन्यात तुम्ही दोघंच असता, मागची जागा मोकळी असते. पेट्या आत, खाली, सीटच्या मागे. वर जाईल ते हलकं: गाद्या, चटया, गणपतीत मखराचं सामान, मुलांच्या बॅगा. गणपतीला आपण सगळे एकाच गाडीत बसून गावी जावं एवढ्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

आणि खरी काळजी गाडीची नाहीच, बाबा. तुमच्या उजव्या खांद्याचं दुखणं मला आईकडून कळतं, तुमच्याकडून नाही. डोक्याच्या वर हात नेऊन वजन ढकलणं तुम्ही करायचं नाही. स्टुलावर चढायचं तर अजिबातच नाही. मी असेन तेव्हा मी बांधेन, नसेन तेव्हा शेजारच्या मुलाला हाक मारा, तो आनंदाने येतो. आई, तू स्टूल धरून उभी राहतेस हेही मला माहीत आहे, तेही बंद कर.

बांधायची दोरी मी आणते. नायलॉनची भिजली की ताणते, म्हणून कडी आवळायचे रुंद पट्टे घेणार आहे. निघाल्यावर पहिल्या चहाला थांबाल तिथे चारही बोल्ट हाताने हलवून पाहायचे, आणि टपावर सामान असताना साठच्या वर जायचं नाही. सामान नसेल तेव्हा कॅरिअर उतरवून पडवीत ठेवू. उगाच वारा अडवून पेट्रोल खातं.

मापं या आठवड्यात आली तर वेल्डिंगवाला पुढच्या आठवड्यात काम हातात घेईल. पावडर कोटिंग करून घेते, साधा रंग तिकडच्या हवेत टिकायचा नाही. बसवायला मी स्वतः येते, तोवर पाने आणि जॅक कुठे ठेवलेत ते पाहून ठेवा.

तुमची,
मनू